लंडनला पीएचडीला निघालेल्या, गोव्यातल्या साखळी गावच्या भावाला

तू विचारलंयस की लंडनची ऑफर आलीय, तिथले लीगल आणि पॉलिटिकल थिअरीचे सेमिनार खरंच कामाचे असतात का, आणि आठ वर्षांच्या मुलीला सोबत न्यावं का. दोन ओळी लिहून मोकळी होणार होते पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. व्हिसा, हेल्थ सरचार्ज, फी सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडून देते.

आपल्याकडे सेमिनार म्हणजे समई, शाल-श्रीफळ, पेपरवाचन आणि प्रश्नांना वेळ उरत नाही. तिथे पेपर आधीच मेलवर येतो, सगळे वाचून येतात आणि थेट लेखकाला धरतात. न्यूयॉर्कला ड्वर्किन आणि नेगल या तत्त्वज्ञांनी १९८७ मध्ये सुरू केलेलं कलोक्वियम, म्हणजे चर्चासत्र, याच पद्धतीचं. नवा प्रश्न असेल तर हात वर करायचा, चालू मुद्द्यालाच जोडून बोलायचं असेल तर एक बोट. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, बोट वापर, नाहीतर तुझा नंबर लागेपर्यंत मुद्दा केव्हाच पुढे गेलेला असतो. लॉवाले विचारतात हा नियम कायदा कशामुळे ठरतो, पॉलिटिकलवाले विचारतात तो मी का पाळायचा, आणि दोघं भिडतात तेव्हा तीन तास कुठे जातात कळत नाही. त्या खोलीसाठी मी परत एकदा घर सोडेन.

पण एक खुपतं. कायद्याचा तत्त्वज्ञ हार्ट, त्याच्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' पुस्तकात प्रश्न आहे की मेलेल्या राजाचा कायदा आज कायदा कसा. उदाहरण १७३५ च्या चेटूकविरोधी कायद्याचं, ज्याखाली इंग्लंडात १९४४ साली एका बाईला शिक्षा झाली. अरे, आपल्याकडे तर आख्खं राज्यच गेलं! पुस्तक आलं १९६१ ला, त्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गोव्यात लागू असलेला १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, म्हणजे नागरी कायदा, पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये बदलला आणि आपली नवरा-बायकोची मालमत्ता अजून त्याच मुळावर उभी. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ परकं असलं तरी आता हा भारतीय कायदाच. मी हे तिथल्या सेमिनारात मांडलं तर 'इंटरेस्टिंग केस' म्हणाले आणि यादीतलं पुढचं नाव घेतलं. गोवा त्यांना उदाहरण वाटतं, प्रश्न वाटत नाही. तू ते तळटीपेत टाकू नकोस, पहिलं चॅप्टरच त्याचं कर.

कागदांचं म्हणशील तर फोंड्याच्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची केस, अजून लटकलीय. त्याच कोडमुळे नवऱ्याचीही सही लागते, तिथून मुखत्यारपत्र, त्यावर शिक्के, आणि मग खिडकीवरचा माणूस म्हणतो आजोबांच्या पोर्तुगीज दाखल्यात कामोतीं, बाबांच्या शाळेच्या दाखल्यात कामत, हे एकच घराणं कशावरून? निघण्याआधी घरातले सगळे दाखले काढून स्पेलिंग जुळव, अॅफिडेव्हिट करून ठेव.

आता मुलगी. तिथे वर्ग वयावर ठरतो, इथली तिसरी-चौथी कोणी बघत नाही. माझ्या मुलाला चित्रांची कार्डं देऊन कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर बसवलं, जो इथे पेपरचे मथळे मोठ्याने वाचायचा. टीचर म्हणाली घरी इंग्लिशच बोला. नवऱ्याने ऐकलं, मी नाही ऐकलं. आज तो बापाशी इंग्लिश बोलतो, माझ्याशी मराठी, आणि मी खोलीत आले की दोघांचं बोलणं थांबतं. याचा राग मला अजून आहे, कोणावर ते नीट सांगता येत नाही. शिवाय चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते नेमकी शाळा उघडण्याच्या सुमाराला, परवानगीशिवाय सुट्टी घेतली तर दंड, त्यामुळे माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची सजावट, व्हिडिओ कॉलवर.

एकटेपणा असतोच, पहिल्या हिवाळ्यात जास्त, जेवण बनवायला घेतलं की कमी होतो. त्यावर फार विचार करू नकोस.

मुलीला ने. एकटा गेलास तर सेमिनारमधून परतताना बोलायला घरात कोणी नसेल. फक्त मराठी कोण बोलणार हे बायकोशी आधी ठरव, तिथे जाऊन नाही. आणि प्रपोजल पाठव, कोडचा भाग मी वाचून देते, अगदी कडक वाचेन.