प्लॅटफॉर्म बदलू नका, आधी मागच्या तारखेच्या एंट्र्या शोधा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये चार कंपन्यांची पुस्तकं, एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसवरचा डिस्पॅचचा (माल रवाना करण्याचा) जुना प्रोग्राम, सगळं मायक्रोसॉफ्टच्या फॅब्रिक या क्लाउड प्लॅटफॉर्ममध्ये ओतलेलं, वर रिपोर्ट दाखवायला पॉवर बीआय. आणि जुलै ते सप्टेंबरची विक्री डॅशबोर्डवर टॅलीपेक्षा ११ लाखांनी जास्त. व्हेंडर म्हणतो पाइपलाइन (डेटा वर नेणारी साखळी) हिरवी आहे, म्हणजे बिनचूक चाललीय, साहेब म्हणतात स्नोफ्लेक या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जाऊ. आकडा सोडला तर हेच सगळं संभाषण मी जानेवारी २०२४ मध्ये आमच्या केबिनमध्ये उभं राहून ऐकलंय.

आधीच सांगतो, मी मूळचा अकाउंट्सवाला. डेटा इंजिनिअरिंग शिकलो ते पोळल्यावर. सीए नाही, कुठल्या प्लॅटफॉर्मचा एजंटही नाही. गेटवे (ऑफिसातला डेटा क्लाउडला जोडणारा प्रोग्राम) कसा बसवायचा, क्लाउडवर वर्कस्पेस कशी करायची हे तुम्हाला येतंच आहे असं धरून लिहितोय.

आमची पंप आणि पाइप वितरणाची फर्म. कोल्हापूर, सांगली, नाशिक, तिन्हीकडे वेगळी टॅली. ऑगस्ट २०२३ मध्ये 'सगळा डेटा एका छताखाली' आणायचा म्हणून एक क्लाउड प्लॅटफॉर्म घेतला. नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. जोडणी ज्या पार्टनरने केली त्यांचंही घेत नाही. रोज रात्री २ वाजता तिन्ही टॅलींतून नवीन व्हाउचर (बिलं, क्रेडिट नोटा अशा एंट्र्या) उचलायची आणि वर टाकायची, एवढं साधं काम.

आता मुद्द्याची गोष्ट. 'नवीन' म्हणजे काय, हे मी त्या मीटिंगमध्ये विचारलं नाही.

पार्टनरच्या पोराने लिहिलेली अट अशी: काल रात्री उचललेल्या शेवटच्या व्हाउचरची तारीख घ्या आणि त्या तारखेच्या पुढचं सगळं आणा. बँकेच्या किंवा ऑनलाइन दुकानाच्या व्यवहारांना हे चालत असेल. आपल्याकडे वही अशी सरळ पुढे चालत नाही. पार्टीला स्कीम डिस्काउंट द्यायचं ठरतं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणि क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी करणारी नोंद) पडते ३० सप्टेंबरच्या तारखेने. जीएसटी न लागणारी, नुसती फायनान्शियल क्रेडिट नोट असेल तर रिटर्नची अडचण नाही, त्यामुळे अकाउंटंट बिनधास्त टाकतो. ऑगस्टचं बिल चुकून दुसऱ्या 'पाटील ट्रेडर्स'च्या लेजरला गेलेलं असतं, ते डिसेंबरमध्ये दुरुस्त होतं. एखादं डबल पडलेलं व्हाउचर सरळ डिलीट होतं. यातली एकही गोष्ट 'कालच्या तारखेच्या पुढे' येत नाही. म्हणजे आमच्या क्लाउडवर पहिल्या दिवशी जे चढलं ते तसंच गोठून बसलं, आणि खाली टॅली मात्र जिवंत होती.

दिवाळीआधी साहेबांनी डॅशबोर्ड बघून सांगली शाखेला तिमाहीचा इन्सेंटिव्ह वाटला. सहा जणांना. जानेवारीत बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाचं लिमिट रिन्यू करायचं होतं म्हणून टॅलीतले आकडे काढले, तेव्हा त्याच तिमाहीची विक्री १८ लाखांनी कमी निघाली. वाटलेला इन्सेंटिव्ह तीन पगारांतून कापून घेतला. त्यातला एक पोरगा मार्चमध्ये सोडून गेला, आणि जाताना मला एवढंच म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरनं दिलं, तुमच्याच कॉम्प्युटरनं काढून घेतलं." प्लॅटफॉर्मचं बिल मी कधीच विसरलो, हे वाक्य अजून विसरलेलो नाही.

फरक शोधण्यात जे तीन आठवडे गेले त्यांत सपोर्ट डेस्कने जे केलं ते लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिकीट टाकलं. उत्तर आलं: रन सक्सेसफुल, रो काउंट मॅच, कृपया सोर्स तपासा. रो काउंट मॅच म्हणजे काय, तर टॅलीतून जेवढ्या ओळी उचलल्या तेवढ्याच क्लाउडवर उतरल्या. अहो, ट्रकमध्ये चढवलेली पोती आणि उतरवलेली पोती सारखीच भरणार! गोदामात किती होती ते कोणी मोजलं? हे फोनवर समजावलं, तर पलीकडच्याने माझ्याकडे पुन्हा स्क्रीनशॉट मागितले. दुसऱ्या तिकिटाला तिसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. मी मकर संक्रांतीला दोन दिवस गावाला होतो, तेवढ्यात 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' म्हणून तिकीट बंद. पाइपलाइन आपली हिरवीच.

शेवटी फरक सापडला तो कागदावर. आमचे हेड अकाउंटंट काका, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं. त्यांनी सप्टेंबरचं सांगलीचं डे बुक (रोजच्या एंट्र्यांची यादी) प्रिंट करून घेतलं, शेजारी मी क्लाउडमधून काढलेली यादी ठेवली, स्टीलची पट्टी ओळीवर धरून हिरव्या पेनाने टिक मारत बसले. पहिला अर्धा दिवस सगळं जुळत होतं आणि मला वाटायला लागलं होतं की वेड्यासारखं काहीतरी करतोय. जेवणानंतर ३० तारखेपाशी पट्टी थांबली. एका दिवसात ओळीने ९ क्रेडिट नोटा, माझ्या यादीत त्यातली एकही नाही. काकांनी टॅलीत त्यातली पहिली उघडली, एडिट लॉग दाखवला: व्हाउचरची तारीख ३० सप्टेंबर, एंट्री केल्याची तारीख १९ ऑक्टोबर. "हे मीच टाकलंय की," म्हणाले, "मला काय माहीत तुमचं ढगातलं यंत्र तारीख बघतं?"

तो एडिट लॉग ही फार मोठी सोय आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल (बदलांची नोंद) असलेलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरणं कायद्याने बंधनकारक झालंय, त्यामुळे तुमचीही नोंदणीकृत कंपनी असेल तर कोणी, कधी, काय बदललं ते तुमच्याकडे असायला हवं. लोक त्याला ऑडिटरची कटकट समजतात. तुमचे ११ लाख कुठे आहेत ते तिथेच लिहिलेलं आहे, असं मी पैजेवर सांगतो. बरं, पैजेवर नको, पण दहात आठ वेळा.

दुरुस्ती आम्ही अशी केली. टॅलीत प्रत्येक व्हाउचरला एक जीयूआयडी (त्या व्हाउचरची कायमची ओळख) असतो आणि एक आल्टर आयडी (बदलाचा क्रमांक). व्हाउचरला हात लावला की आल्टर आयडी वाढतो, मग तारीख कुठलीही असो. अट तारखेवरून काढून आल्टर आयडीवर नेली की मागच्या तारखेत टाकलेलं आणि मागाहून बदललेलं, दोन्ही पकडलं जातं. डिलीट केलेलं मात्र यातही सापडत नाही, कारण जे उरलंच नाही त्याचा आल्टर आयडी वाढणार कुठून? त्यासाठी रोज रात्री चालू वर्षाची फक्त जीयूआयडी आणि रकमेची यादी आणतो, आणि क्लाउडवर आहे पण यादीत नाही अशा ओळीला 'काढलेली' अशी खूण करतो. आणखी एक खड्डा: कुणी जुना बॅकअप रिस्टोअर केला की आल्टर आयडीची मोजणी मागे जाते आणि पुढचे काही दिवस काहीच उचललं जात नाही. त्या दिवशी पूर्ण वर्ष नव्याने चढवायचं. हे अकाउंट्सवाल्यांना भिंतीवर लिहून द्या, ते सांगत नाहीत.

एवढी डोकेफोड नको असेल तर रोज रात्री मागचे तीन महिने पुसून नव्याने आणा आणि रविवारी पूर्ण वर्ष. ओबडधोबड आहे, पण तुमच्या आकाराला पुरेल. फक्त फॅब्रिकमध्ये अशा बॅकग्राउंड कामाचा भार २४ तासांवर पसरवून मोजतात, त्यामुळे कपॅसिटी (विकत घेतलेली संगणकाची ताकद) छोटी असेल तर रात्रीच्या उत्साहाने सकाळचे रिपोर्ट रांगायला लागतात. शाखांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवल्या तरी एकूण भार तोच राहतो. महिने कमी करा किंवा कपॅसिटी वाढवा.

म्हणूनच स्नोफ्लेकवर जाण्याने काही होणार नाही असं म्हणतो. तिथे वेअरहाउस (डेटावर हिशेब करणारी यंत्रणा) चालू राहील तेवढ्या सेकंदांचे क्रेडिट, म्हणजे बिलाची एककं, लागतात, फॅब्रिकमध्ये कपॅसिटीचे पैसे. बिलाची तऱ्हा बदलेल, अट तीच राहिली तर ११ लाखही तेच राहतील. डेटाब्रिक्स घ्या, बिगक्वेरी घ्या, यातल्या कुणालाच तुमचे काका १९ ऑक्टोबरला ३० सप्टेंबरची एंट्री टाकतात हे माहीत नाही. हे सांगणं व्हेंडरचं काम होतं की माझं, यावर आमच्याकडे अजून वाद आहे. माझं मत: माझंच होतं. त्यांनी विचारायला हवं होतं हेही खरं.

तुमच्या डिस्पॅच प्रोग्रामबद्दल एक शंका. रात्रपाळी आहे म्हणालात. क्लाउडवरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कुठल्याही टप्प्यावर वेळ यूटीसीत बदलून मग तारीख कापली असेल, तर रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंत सुटलेल्या गाड्या आदल्या दिवशी मोजल्या जातात. एरवी कळत नाही. १ ऑक्टोबरला पहाटे ३ ला सुटलेली गाडी मात्र सप्टेंबरमध्ये जाऊन बसते, आणि तुमचा फरकही नेमका तिमाहीच्या बेरजेतलाच आहे.

आणि टॅलीतून वाचायचं तर टॅली चालू आणि कंपनी उघडी असावी लागते. आमच्या नाशिकला संध्याकाळी ७ ला मेन स्विच बंद करून जायची शिस्त होती, त्यामुळे २ वाजताची फेरी रोज फसायची. पॉवर बीआयमध्ये ठरवलेला रिफ्रेश (डेटा ताजा करण्याची फेरी) लागोपाठ चार वेळा फसला की वेळापत्रकच बंद होतं, आणि त्याचा ईमेल जायचा ज्याने नोकरी सोडली होती त्याला. वेगळं मशीन, यूपीएस, आणि गेटवेची रिकव्हरी की (तो पुन्हा उभा करायला लागणारा पासवर्ड) तुमच्या स्वतःच्या कपाटात. व्हेंडरच्या नाही.

डॅशबोर्डवर आता सगळ्यात वर एकच पट्टी ठेवलीय: शाखा, व्हाउचर प्रकार, टॅलीतली संख्या आणि रक्कम, क्लाउडवरची संख्या आणि रक्कम, फरक. रंगीत नकाशे त्याखाली. फरक शून्य नसेल त्या दिवशी खालचं काही बघायचं नाही असं साहेबांनीच ठरवलंय. मागच्या वर्षी रिन्यूअलच्या कोटेशनमध्ये पार्टनरने हीच पट्टी 'डेटा क्वालिटी मॉड्यूल' म्हणून वेगळे पैसे लावून पाठवली होती. असो.

तुम्ही उद्याच एक करून बघा. एका टेस्ट कंपनीची जोडणी करा, रात्रीची एक फेरी होऊ द्या, मग दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेने एक रुपयाचं बिल टाका, एक जुनं बिल एक रुपयाने बदला आणि एक डिलीट करा. सकाळी क्लाउडवर तिन्ही बदल दिसतात का बघा आणि इथे कळवा. पण टेस्ट कंपनीतच हं. खऱ्या पुस्तकात एक रुपया हलवलात तरी एडिट लॉगमध्ये तुमचं नाव कायमचं बसेल, आणि 'नुसतं बघत होतो' हे कारण कुठल्याही ऑडिटरला पटलेलं मी पाहिलेलं नाही.