ॲनिमे म्युझिक व्हिडिओ छंद म्हणून बनवायचेत, सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत: सॉफ्टवेअर कुठलं, 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जमेल का, मराठी गाणं घेतलं तर लोक हसतील का, आणि यूट्यूब चॅनल उडवेल का. चारही घेते. पण त्याआधी तुम्ही न विचारलेला एक, कारण बहुतेकांचे पहिले एएमव्ही (ॲनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजे ॲनिमेचे सीन कापून एखाद्या गाण्यावर बसवलेले) अर्धवट पडून राहतात ते त्याच्यापायी: हेच गाणं, याच सिरीजवर का?

याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. ‘गाणं भारी आहे, फाइट सीन भारी आहेत’ हे काही उत्तर झालं नाही. ‘गाणं घर सुटल्याचं दुःख सांगतं, आणि ही पोरगी घर सोडताना एकदाही मागे वळून बघत नाही’ असं काहीतरी हवं. असं वाक्य हाताशी असलं की कुठले सीन घ्यायचे, कुठले कितीही देखणे असले तरी सोडायचे आणि शेवट कुठे करायचा, हे निम्मं आपोआप ठरतं. वाक्य नसेल तर चाळिसाव्या सेकंदाला सगळे आवडते सीन वापरून संपतात आणि माणूस टाइमलाइनकडे बघत बसतो.

या छंदातला पहिला व्हिडिओ म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो 1982 सालचा. जिम कापोस्तास नावाच्या अमेरिकन तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले, ‘स्टार ब्लेझर्स’मधले (म्हणजे जपानी ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ची अमेरिकन आवृत्ती) सगळ्यात हिंसक सीन निवडले आणि त्यांच्याखाली बीटल्सचं ‘ऑल यू नीड इज लव्ह’ लावलं. इफेक्ट एकही नाही, असणं शक्यही नव्हतं. पण जहाजं फुटतायत आणि गाणं प्रेमाचं चाललंय, एवढ्यावर व्हिडिओ उभा राहिला. इन्स्टावरचे पंधरा सेकंदांचे थरथरते, झगमगते एडिट्स बघून जर तुम्हाला हा छंद खुणावत असेल, तर जरूर करा, पण ती कला थोडी निराळी आहे. तिथे एका सीनला चमकवायचं असतं. इथे दीड-दोन मिनिटं बघणाऱ्याला धरून ठेवायचं असतं. निदान पहिल्या व्हिडिओत साधा कट आणि क्वचित एखादा डिझॉल्व्ह (एक चित्र विरघळत दुसरं येतं तो), याच्यापुढे जाऊ नका असं माझं मत आहे. ट्रान्झिशन पॅक विकत घेणं तर मुळीच नको.

आता सॉफ्टवेअर. 8 जीबीवर डाविंची रिझॉल्व्ह उघडतं, पण धापा टाकतं. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीत प्रॉक्सीची सोय आहे, म्हणजे एडिट करताना व्हिडिओची हलकी नक्कल वापरायची आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून करायचं. पुढे रॅम वाढवलीत की रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीकडे वळा. प्रीमियरसाठी दर महिन्याला पैसे मोजायची इतक्यात गरज नाही.

पहिली क्लिप आत टाकायच्या आधी टाइमलाइनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स, 23.976 करा. बहुतेक ॲनिमे त्याच गतीने येतं. टाइमलाइन 30 वर राहिली तर सॉफ्टवेअर मधेमधे फ्रेम दुप्पट करून जागा भरतं आणि कॅमेरा आडवा सरकतो त्या शॉटमध्ये चित्र अडखळायला लागतं. जुन्या अमेरिकन किंवा जपानी डीव्हीडीवरून घेत असाल तर तिथे व्हिडिओ 29.97 आणि इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत साठवलेली) असतो. तो आधी इन्व्हर्स टेलिसिने करून 23.976 वर आणावा लागतो, नाहीतर हालचालीच्या कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसतात. पहिल्या खेपेला ही कटकट नको, नवी सिरीज घ्या.

दुसरी भानगड कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीची. एच.264 किंवा एच.265 फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं याची नोंद. बघायला हे उत्तम, पण एका फ्रेमवर नेमकं थांबायचं तर कॉम्प्युटरला दर वेळी मागचं सगळं जोडून चित्र उभं करावं लागतं. म्हणून लॅपटॉप अडकतो. शटर एन्कोडर हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन हवे तेवढेच तुकडे प्रोरेस एलटीमध्ये बदलून घ्या, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. ‘हवे तेवढेच’ हे महत्त्वाचं, कारण 1080पीला ते मिनिटाला साधारण 600 एमबी खातं. चोवीस मिनिटांचा अख्खा एपिसोड बदलायला गेलात तर 14-15 जीबी गेले.

हवे ते तुकडे कुठले, हे ठरवण्यातच या छंदाचा सगळ्यात मोठा वेळ जातो, आणि तोच लोक वाचवू बघतात. माझी पद्धत अशी. बारा एपिसोडची एकच सिरीज घ्यायची, जी तुम्ही आधी आवडीने बघितलेली आहे. आता ती पुन्हा बघायची, आवाज बंद करून. आवाज गेला की गोष्ट मागे पडते आणि हालचाल दिसायला लागते: कोण कुठल्या दिशेने वळलं, हात कधी उठला, दार कधी आपटलं, केस कधी उडाले. शेजारी वही किंवा साधी स्प्रेडशीट. एपिसोड, वेळ, शॉटमध्ये काय आहे, हालचाल डावीकडून उजवीकडे की उलट, पात्राची नजर कुठे, आणि मूड. बारा एपिसोड म्हणजे पावणेपाच तासांच्या आसपास. दीड मिनिटाच्या व्हिडिओत सरासरी दोन सेकंदांना एक कट धरला तर शॉट लागतात 45. त्या 45 साठी दीडदोनशे नोंदी हाताशी असाव्यात. गाणं एखाद्या ठिकाणी खाली वाकतं आणि तुम्हाला तिथे मान खाली घालणारं पात्र हवं असतं, तेव्हा ही वही कामाला येते.

नोंदी करताना तीन प्रकारचे शॉट टाळा. एक, बोलणारी तोंडं. ॲनिमेत तोंडाच्या हालचालीला बरेचदा बंद, अर्धवट उघडं आणि पूर्ण उघडं अशी तीनच चित्रं असतात, आणि ती फडफड दिसली की बघणारा संवाद ऐकायला जातो. गाण्याचे शब्द पात्राच्या तोंडी बसवण्याची वेगळी कारागिरी आहे, पण ती फ्रेम थांबवून, तुकडे जोडून करावी लागते. तोपर्यंत पाठमोरे शॉट, डोळ्यांचे क्लोजअप, हात-पाय, आभाळ. दोन, छापील सबटायटल असलेले शॉट. ती पुसता येत नाहीत, आणि चित्र मोठं करून कापायला गेलात तर पात्राची हनुवटीही जाते. तीन, सिरीजची स्वतःची ओपनिंग आणि एंडिंग. ती आधीच कुणीतरी दुसऱ्या गाण्यावर कापलेली आहे आणि चाहत्यांच्या डोक्यात ते गाणं लगेच वाजायला लागतं.

मराठी गाण्याबद्दल. घ्याच! हसले तर विनोदी व्हिडिओ केलात म्हणून हसू देत. ढोल-ताशावर मारामारी ही कल्पना पहिली सुचते आणि पहिलीच टाकून द्यावी, कारण ती सगळ्यांनाच सुचते. अभंगावर शांत, रोजच्या जगण्याची सिरीज बसवून बघा. किंवा ठसक्याच्या लावणीवर एखादी अकडू, कुणालाही भाव न देणारी नायिका. गंमत येते.

मात्र आपली गाणी घेताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली लांबी. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, मधे लांबलचक म्युझिक पीस, असं पाच मिनिटांचं गाणं नवख्याला झेपत नाही. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडा आणि पहिल्या अंतऱ्यानंतर मुखडा घेऊन तिथे संपवा. जोड समेवर द्यायचा, म्हणजे कानाला कळत नाही. तबल्याची सम ऐकू येत असेल तर हे काम जमायला वेळ लागत नाही. फाइल शक्यतो वेव्ह किंवा फ्लॅकमधून घ्या, त्यात आवाजाचा दर्जा घसरत नाही.

दुसरी गोष्ट ताल. सॉफ्टवेअर आणि बीट शोधणारी ॲप्स गृहीत धरतात की गाणं चाराच्या पटीत आहे आणि वेग शेवटपर्यंत तोच आहे. केरवा आठ मात्रांचा, तिथे निभावतं. दादरा सहा मात्रांचा, तिथे चाराची जाळी लावलीत की दुसऱ्याच आवर्तनाला कट भलत्या ठिकाणी पडतात. जुन्या भावगीतांत वादक समोरासमोर बसून वाजवत, त्यामुळे वेग हळूच वाढतो किंवा ओसरतो. म्हणून मार्कर (टाइमलाइनवरच्या खुणा) हाताने टाका. गाणं चालू ठेवायचं आणि ठोक्यावर मार्करचं बटण दाबत जायचं, रिझॉल्व्हमध्ये ते एम आहे. मग वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून मार्कर नेमके ठोक्याच्या चढावर सरकवायचे. 120 बीपीएमच्या (मिनिटाला 120 ठोके) गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे जवळपास 12 फ्रेम्सचा. 100 बीपीएमला 14.4 फ्रेम्स, म्हणजे ठोका दोन फ्रेम्सच्या मधे पडतो. अशा वेळी कट अलीकडच्या फ्रेमवर द्या. चित्र किंचित आधी आलं तर डोळा माफ करतो, उशिरा आलं तर खटकतं.

आणि प्रत्येक ठोक्यावर कट नको! नवखेपणाची ती सगळ्यात ठळक खूण. कटाऐवजी शॉटच्या आतली हालचाल ठोक्यावर आणता येते: तलवार म्यानात जाते तो क्षण, पेला टेबलावर टेकतो तो क्षण, पापणी उघडते तो क्षण. एएमव्हीवाले याला इंटर्नल सिंक म्हणतात, आणि चांगला व्हिडिओ ओळखायचा तो यावरून. समेवर कट, मधल्या ठोक्यांवर आतली हालचाल, आणि गायक श्वास घेतो तिथे शॉट तसाच लांबू द्यायचा. असं केलंत की तालाला जागा मिळते.

यात ॲनिमेचा एक खाचखळगा आहे. सेकंदाला 24 फ्रेम्स असल्या तरी चित्रं बरेचदा दोन-दोन किंवा तीन-तीन फ्रेम्स धरून ठेवलेली असतात, म्हणजे नवं चित्र सेकंदाला 12 किंवा 8 वेळाच येतं. हालचाल ठोक्यावर आणताना म्हणूनच एक फ्रेम मागे-पुढे करून काही फरक दिसत नाही आणि मग एकदम उडी बसते. शॉट हळू केलात तर हे अडखळणं आणखी उघडं पडतं. स्लो मोशन जपून. शिवाय प्रत्येक तुकड्याची पहिली आणि शेवटची फ्रेम डोळ्यांनी तपासा. मागच्या शॉटची एक फ्रेम चिकटून आलेली असली तर चालू व्हिडिओत ती नुसती लकाकून जाते. कुणालाच नीट सांगता येत नाही काय खटकलं, पण खटकतं.

बघायचं काय? नुसतं यूट्यूब नको. यूट्यूब आलं 2005 मध्ये. त्याच्या आधीपासून, 2000 सालापासून, एएमव्ही बनवणाऱ्यांची स्वतःची जागा आहे, ॲनिमेम्युझिकव्हिडिओज डॉट ऑर्ग, जिला सगळे नुसतं ‘ऑर्ग’ म्हणतात. तिथले जुने व्हिडिओ आजच्या मानाने अंधुक दिसतील, पण कल्पनेवर उभे आहेत. आवडलेला एक व्हिडिओ घ्या, आवाज बंद करून फ्रेम-फ्रेम पुढे सरकवा आणि कट कुठे आहेत ते कागदावर उतरवा. एवढा एक व्यायाम दहा ट्युटोरियल्सच्या तोडीचा आहे.

राहिला चॅनल उडण्याचा प्रश्न. मी वकील नाही, पण सरळ सांगायचं तर चित्रही तुमचं नाही आणि गाणंही नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 खाजगी वापर, समीक्षा, वृत्तांकन यांना सूट देतं. पूर्ण गाण्यावर करमणुकीसाठी कापलेला आणि सगळ्यांसाठी टाकलेला व्हिडिओ त्यात बसतो असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. स्ट्रीमिंग ॲपवर स्क्रीन रेकॉर्ड करायला गेलात तर बहुधा काळा पडदा मिळतो. तो मुद्दाम ठेवलेला आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ अशी कुलपं तोडण्याबद्दलच आहे. डिस्क्रिप्शनमध्ये ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ लिहिल्याने काहीही बदलत नाही. हात बसवायला पूर्ण निर्धोक साहित्य हवं असेल तर ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरवाल्यांची ‘सिंटेल’ किंवा ‘बिग बक बनी’ ही फिल्म उतरवून घ्या. ॲनिमे नाहीत, पण श्रेय देऊन मोकळेपणी वापरता येतात.

यूट्यूबवर टाकायचंच असेल तर दावा आणि स्ट्राइक यांतला फरक माहीत असू द्या. कंटेंट आयडीचा दावा म्हणजे यंत्राने गाणं किंवा चित्र ओळखलं. मग जाहिरातीचे पैसे मालकाला जातात किंवा व्हिडिओ काही देशांत किंवा सगळीकडे बंद होतो. चॅनल त्याने जात नाही. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर विनंती करून व्हिडिओ काढायला लावला. 90 दिवसांत असे तीन झाले की चॅनल जातं. व्हिडिओ आधी अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असा) ठेवा आणि तपासणी होऊ द्या. दावा आला तर रागाच्या भरात डिस्प्यूट दाबत सुटू नका, कारण प्रकरण वाढलं तर मालक त्याचं रूपांतर स्ट्राइकमध्ये करू शकतो. नोकरीधंद्याचं किंवा घरच्यांचं काही ज्या चॅनलवर आहे, तिथे एएमव्ही टाकूच नका, वेगळं चॅनल काढा.

एक्स्पोर्ट झाल्यावर प्रोजेक्ट आणि कापलेल्या क्लिपा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. यूट्यूबवर व्हिडिओ टिकला नाही तरी ओटाकॉन, ॲनिमे बॉस्टन यांसारख्या अमेरिकेतल्या कॉन्व्हेन्शनमध्ये (चाहत्यांच्या मेळाव्यांत) एएमव्हीच्या स्पर्धा असतात. पाठवायच्या आधी त्या त्या स्पर्धेचे नियम वाचा. सबटायटल किंवा चॅनलचा लोगो दिसला की अशा स्पर्धांत एंट्री सहसा बाद होते.