चिऊ, तुझ्या त्या प्रश्नाबद्दल

चिऊ बाळा,

रविवारी आज्जीचा फोन ठेवल्यावर तू जे विचारलंस ते आठवडाभर माझ्या डोक्यात फिरतंय. तेव्हा ओम टीव्हीसमोर ओरडत होता, लॉर्ड्सची टेस्ट चालू होती, नीट बोलणं झालंच नाही. म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय कारण हे मला दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही, तू हळूहळू वाच, कुठं अडलं तर आईला विचार.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही पाऊण तास बोललात, पण कुणी काही सांगितलंच नाही. गवारीवर इतका वेळ आणि युनेस्कोवर एक वाक्य. आज्जीने तुला कधी विचारलंय का, की तू खूश आहेस का?"

नाही विचारलं. मी आठवून बघितलं, अगदी लहानपणापासून, तिनं मला हे कधीच विचारलेलं नाही. मीही तिला कधी विचारलं नाही. तू सहज बोललीस, मला माहितीये, पण लागलं.

त्या रविवारचं बोलणं परत आठवलं मी. आज्जीनं सांगितलं की बाजारातली गवार जून निघाली, शेंगा मोडताना दोरा निघत होता, म्हणून निम्मी टाकून दिली आणि उरलेल्या गवारीला कूट जास्त घातलं. मग पाऊस, भातलावणीला माणसं मिळत नाहीत, आप्पाआजोबांचा गुडघा, शेजारच्या काकूंकडे नवीन मिक्सर. आपल्याकडून काय, तर आईच्या टोमॅटोला फळ धरलंय, रकूननं परत ग्रीन बिन उघडून सगळं अंगणभर केलं (रकून म्हणजे काय ते आज्जीला मी दर वेळी नव्यानं सांगतो आणि ती दर वेळी "मांजराएवढा का?" विचारते), ओमच्या क्रिकेट कॅम्पला ऊन फार होतं. आणि खरी मोठी बातमी, जी मी शुक्रवारपासून तुम्हाला दोघांना ऐकवत होतो, की 11 जुलैला पॅरिसमध्ये युनेस्कोनं आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, रायगड, राजगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, तिकडे तमिळनाडूतला जिंजीसुद्धा, आणि आपला प्रतापगड. त्यावर आज्जी म्हणाली, "बरं झालं, आता तरी वरचा रस्ता नीट करतील. लग्नानंतर भवानीच्या दर्शनाला गेले होते एसटीनं, अशी उलटी झाली मला घाटात." आणि परत गवार. तू हसलीस तेव्हा, मी बघितलं. मलाही वाटलं होतं ती जरा जास्त खूश होईल, तिच्यासाठीच तर मी ती यादी पाठ केली होती.

पण मला तुला थोरल्या आईबद्दल सांगायचंय. म्हणजे माझ्या बाबांची आई. तिचा एकच फोटो तू बघितलायस, वाईच्या घरात देवघराशेजारी लावलाय तो, डोक्यावर पदर आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू. तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं. आम्ही तेव्हा गावाकडे राहायचो, धोमच्या बाजूला, आणि आप्पा, म्हणजे माझे काका, मुंबईत लालबागला कापडगिरणीत होते. तू त्यांना पखवाज वाजवतानाच बघितलंयस, म्हणून तुला खरं वाटणार नाही, पण ते तेव्हा पंचविशी-सव्विशीतले होते, दिवाळीला यायचे तर पांढरी पँट घालून यायचे. त्यांना पत्र लिहायचं काम माझ्याकडे, कारण घरात अक्षर माझं चांगलं. निळं अंतर्देशीय आणायचं, थोरली आई चुलीपुढं बसून सांगणार, आज्जी भाकऱ्या थापत मध्येच एखादी गोष्ट घालणार, आणि मी पाटावर कागद ठेवून लिहिणार. तिची सुरुवात ठरलेली, "सगळी खुशाल हायेत म्हणून लिव्ह." आणि मग म्हैस किती दूध देते, हळद उकडायला काहील कुणाची आणली, कुणाच्या घरी पाळणा हलला, आप्पाच्या मित्राचं लग्न कुठं जमलं. जागा संपली की मी कडेनं उभं लिहायचो, चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा लिहायचो, आणि पोस्टमन म्हणायचा की अरे डिंक लावायला तरी जागा ठेव.

मला तेव्हा फार कंटाळा यायचा. मला वाटायचं काहीतरी भारी लिहावं, म्हणजे मी निबंधात लिहायचो तसं. एकदा मी माझ्या मनानंच लिहिलं की "आम्हांस तुमची फार आठवण येते" आणि वाचून दाखवलं, तर थोरली आई एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "ते खोड. त्यो तिकडं एकला हाय." मी खोडलं. इतकं गिरवून खोडलं की कागदाला भोक पडलं.

आप्पांचं उत्तर यायचं तेही असंच. रात्रपाळी चालू आहे, गाळ्यात नवीन दोन माणसं आली, साताऱ्याकडचीच आहेत, खाणावळवाल्या बाईंनी बुधवारी मटण केलं होतं, शनिवारी भजन झालं. खाणावळीचं कायम असायचं, काय खाल्लं, मीठ कमी होतं, बाई आजारी होत्या म्हणून पाव खाल्ला.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं होती त्यात, आणि सातारा, कोकण, सगळीकडच्या घरांमध्ये त्या पगाराच्या मनीऑर्डरी यायच्या त्या थांबल्या. मनीऑर्डर थांबली हे आम्हालाही कळलं, पण सगळ्यांना वाटत होतं आज मिटेल उद्या मिटेल. आप्पांची पत्रं येत होती. खुशाल आहे, सभेला गेलो होतो, फार गर्दी होती, काळजी नसावी. मी वाचून दाखवायचो. आणि एक दिवस थोरली आई म्हणाली, "परत वाच." मी वाचलं. ती म्हणाली, "खाणावळीचं कायच लिवलं न्हाय ह्यानं. मागच्या पत्रात बी नव्हतं." बास. एवढंच. मी तर दोन्ही पत्रं स्वतः वाचली होती, माझ्या काही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणाऱ्या एका माणसाबरोबर तिनं ज्वारीचं पीठ, हुलगे, तिखट आणि लसणाची चटणी असं गाठोडं बांधून पाठवलं. आज्जीनं रात्री जात्यावर दळलं होतं ते पीठ, पिठाची गिरण बंद होती गावातली त्या दिवशी. पुढच्या पत्रात आप्पांनी लिहिलं, "पीठ पोचले. गाळ्यात सर्वांनी मिळून भाकरी केल्या." खाणावळ बंद झाली होती त्यांची, उधारी थकली होती, हे आम्हाला कितीतरी नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्यांनीही लिहिलं नाही आणि हिनंही विचारलं नाही.

आता मी हे तुला सांगतोय तर असं वाटेल की बाबा म्हणतोय आमचं बरोबर आणि तुझं चूक. तसं नाहीये बाळा. कारण पुढचंही आहे. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, हळूहळू संपला, आणि आप्पा गावाला परत आले. बरेच महिने ते ओट्यावर बसून असायचे, समोर रस्त्याकडे बघत. जेवायला वाढायचे सगळे त्यांना, आग्रह करकरून वाढायचे, पण "आप्पा, तुला कसं वाटतंय" हे घरात एकाही माणसानं विचारलं नाही. मग गावातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायला लागले, त्यात रमले, आता तर सगळ्या पंचक्रोशीतून बोलावणं येतं त्यांना. पण मधल्या दिवसांत त्यांच्या मनात काय होतं ते आजतागायत आम्हाला कुणाला माहीत नाही. मागच्या ट्रिपला ते ओमचे हात धरून त्याला ठेका शिकवत होते तेव्हा मला फार वाटलं विचारावं. मी विचारलं, "चहा घेणार का आप्पा?"

म्हणजे हे असं आहे. आमच्यात हे नाहीच. मी कराडला हॉस्टेलला होतो तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, त्या रांगेत उभं राहून फोन लावायचा, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत, त्यात काय बोलणार, जेवलास का, पैसे आहेत का, कधी येणार. इकडे आलो तेव्हा कॉलिंग कार्ड, तेव्हाही मिनिटं मोजूनच. आता मोजायचं काही नाही, व्हिडिओवर हवं तेवढं बोला, तरी आज्जी गवारच सांगते. मला ते आवडतं. खरंच आवडतं, सोमवारी ऑफिसला जाताना डोक्यात तेच असतं, आणि मला वाटतं की मी अजून त्या घरात कुठंतरी आहे. तुला तसं वाटलंच पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगितलेली नाही, सांगू की नको असं चाललं होतं. आज्जी तुला दर वेळी विचारते ना, त्या क्रोशाच्या स्वेटरचं, "दुसरी बाही झाली का?" आणि तू म्हणतेस, "नाही आज्जी, चालू आहे." रविवारी तू उठून वर गेल्यावर ती मला म्हणाली, "पोरीची बाही किती दिवस तिथंच आहे रे. विणत नाहीये ती. तिचं कुणाशी काही बिनसलंय का बघ, विचारू नकोस लगेच, पण लक्ष ठेव." मी तर रोज तुझ्यासमोर जेवायला बसतो. माझं लक्ष त्या लोकरीकडे गेलंच नव्हतं, आईला विचारलं तर ती म्हणाली हो, सुट्टी लागल्यापासून ती पिशवी कपाटावर आहे.

म्हणून हे लिहिताना मलाच कळत नाहीये की तुझी बाजू घेऊ की तिची. मी विचारत नाहीये काय झालं ते. सांगावंसं वाटलं तर मी आहे, आई आहे. नाही सांगितलंस तरी चालेल.

सोमवारी आपण हरलो 22 रननी, सिराजच्या बॅटला लागून बॉल हळूच मागे स्टंपवर गेला तेव्हा ओम जो रडला तो तू झोपलेली असल्यामुळे तुझं हुकलं, त्याच्याशी दोन दिवस जरा नीट वाग. आईनं तुझ्यासाठी पहिला पिकलेला टोमॅटो बाजूला ठेवलाय, ओमला देऊ नको म्हणाली.

आणि रविवारी फोनवर बसायचं की नाही ते तू ठरव, बसलीच पाहिजेस असं काही नाही. बसलीस आणि तुला आज्जीला तो प्रश्न विचारायचा असेल, की ती खूश आहे का, तर विचार, मी मध्ये बोलणार नाही. ती काय म्हणेल मला सांगता येत नाही, कदाचित "हो गं, मला काय झालंय" म्हणेल, पण तुला कदाचित वेगळं सांगेल, नातीला सांगतात आज्ज्या. फक्त जरा मोठ्यानं बोल, आणि तिला सांग की फोन डाव्या कानाला धर, उजव्यानं आता कमी येतं.

बाबा