गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या आईला खुर्चीवर बसून केलेल्या व्यायामाचा खरंच उपयोग होतो का?

होतो. शंकाच नको.

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी गुडघ्याची झीज सांगितली आहे, आईंना खाली बसवत नाही, आणि घरातले म्हणतात आता आराम करू दे. खुर्ची कोणती घ्यावी हेही विचारलंय. ते सांगतेच, पण आधी त्या 'आराम करू दे'बद्दल बोलते, कारण त्यापायी आमच्या घरात फार नुकसान झालं.

माझ्या सासूबाई नागपुरात, मानेवाड्याला आमच्याजवळच राहतात. गुडघे दुखायला लागले तसं मोठ्या नणंदबाईंनी ठरवून टाकलं की आईनं आयुष्यभर राबून घेतलं, आता तिनं पलंगावरून उठायचं नाही. चहा हातात, ताट पुढ्यात, गुडघ्याला तेलाचं मालिश आणि वरून नी-कॅप. त्यात माया होती, मी नाही म्हणत नाही. पण हळूहळू सासूबाईंच्या मांड्या अशा ओसरल्या की बाथरूमपर्यंत जायलाही भिंत धरावी लागे. दुखणं तर तसूभरही कमी झालं नव्हतं.

व्हायचंच होतं ते. उभं राहताना, चालताना गुडघ्याला आधार असतो मांडीच्या पुढच्या स्नायूंचा. ते गेले की भार झिजलेल्या सांध्यावर. शिवाय सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलला, त्यावर दाब आला-गेला, की आतल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. झोपवून ठेवलेल्या माणसाला ते कुठून मिळणार? 'वापरलं की झिजतं' हा हिशेब गाडीच्या टायरचा आहे, माणसाच्या गुडघ्याचा नाही.

मग रामदासपेठेतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी खुर्चीवरचे व्यायाम दिले. पाठ टेकवून बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, पंजा स्वतःकडे ओढायचा आणि मांडी घट्ट करून पाचेक सेकंद धरायची. सासूबाई आकडे मोजताना श्वास रोखून धरत, आणि बीपीच्या माणसानं तेच करू नये. बाई म्हणाल्या, मोठ्यानं मोजा, बोलताना श्वास अडत नाही. तेव्हापासून त्या पाय वर धरून दोनदा 'गण गण गणात बोते' म्हणतात आणि मगच पाय खाली. हळूच, धपकन नाही. मी मांडीवर तळवा ठेवून बघायची. सुरुवातीला हाताला काहीच लागत नसे, नंतर नंतर तिथे टणकपणा जाणवायला लागला. मला किती बरं वाटलं, काय सांगू!

त्याच वर्षी दिवाळीत नणंदबाई आल्या आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "काय करून राहिली तू आईचं? या वयात कवायत?" पाहुण्यांदेखत मी गप्प बसले, म्हणून इथे लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत 65 च्या पुढच्यांनाही आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. वय झालं म्हणून सूट नाही, उलट तोल सांभाळायचे व्यायाम वेगळे सांगितलेत. आज सासूबाई कमोडवरून कोणाचा हात न धरता उठतात. म्हाताऱ्या माणसाची अब्रू त्यात असते, हातात मिळणाऱ्या चहात नाही. झीज काही भरून आलेली नाही, डिसेंबरच्या थंडीत सकाळी अंग आखडतंच, पण घरातल्या घरात त्या मोकळ्या फिरतात.

तुमच्या आईंना पाय सरळ करण्यासोबत टाचा-चवडे उचलणं, बसल्या बसल्या एकेक गुडघा वर घेणं, खांदे फिरवणं द्या. सुरुवातीला पाच-पाच वेळा, जमेल तसं दहा. आणि खुर्चीतून उठणं-बसणं, लागलं तर हाताचा आधार घेऊन. सगळ्यात उपयोगी तेच, आणि कंटाळा त्याचाच येतो. थोडं दुखेल, त्याला घाबरू नका. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा, बंद नको.

हे झिजेच्या दुखण्याचं झालं बरं का. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, गुडघा अडकत असेल, पडल्यानंतर दुखत असेल किंवा ताप असेल तर आधी डॉक्टर. झिजेचा नाही, तर सांधे सुजवणारा संधिवात (आमवात) असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर विचारल्याशिवाय काही सुरू करू नका.

खुर्ची जड, लाकडी, बिनचाकांची घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. सोफा नको. प्लास्टिकचीही नको, उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यानं टाईल्स ओल्या झाल्या की ती सरकते. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे. आई ठेंगण्या असतील तर पायाखाली पाट द्या, पण उठायच्या व्यायामाआधी तो बाजूला काढा.