स्लॅशर, सपासप आणि घातवार

प्रश्न असा आला आहे : ‘ब्लॅक ख्रिसमस’ या चित्रपटावर मराठीत लिहायचंय, तर ‘स्लॅशर’ला, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारत सुटतो त्या जातीच्या चित्रपटाला, काय म्हणू? भयपट की रक्तपट?

भयपट हे अख्खं कूळ झालं. त्यात हडळीपासून झपाटलेल्या वाड्यापर्यंत सगळं येतं. रक्तपट म्हणाल, तर रक्त युद्धपटातही सांडतंच. 

मूळ क्रियापदाकडे जाऊ. ‘स्लॅश’ म्हणजे पात्याने आडवातिडवा, जोरकस वार. वाराच्या तऱ्हा मराठी चोख वेगळ्या ठेवते. सुरा भोसकतात किंवा खुपसतात, गळा चिरतात, पण कोयत्याचे वार होतात ते ‘सपासप’. गुन्हेवार्ता लिहिणाऱ्या कुठल्याही बातमीदाराला विचारा. स्लॅशचा नाद पकडणारा याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

गंमत अशी की, बॉब क्लार्कच्या या 1974च्या कॅनडियन चित्रपटात सपासप असं फारसं काही नाहीच. पहिल्या मुलीचा जीव प्लास्टिकने गुदमरवून घेतला जातो, घर सांभाळणाऱ्या बाईंचा आकड्याने. दारात पोरं नाताळची गाणी म्हणत असताना वरच्या खोलीत बार्ब नावाच्या मुलीला भोसकलं जातं, तेही काचेच्या एकशिंगी घोड्याने! खरी दहशत आहे ती टेलिफोनची. घरातल्या मुलींना येणारे घाणेरडे फोन त्याच घरातून येत असतात. म्हणजे ‘स्लॅशर’ हे नाव इंग्रजीतही कृतीचं वर्णन कमी आणि घराण्याचा शिक्का जास्त. म्हणून शब्दशः ‘सपासपपट’ करण्यात अर्थ नाही (उच्चारून बघा, जीभच कापेल).

‘वारपट’ मनात आला होता. वार म्हणजे घाव आणि वार म्हणजे दिवसही. ‘हॅलोवीन’ (1978), ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (1980), ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ (1981) अशी या घराण्याची नावं कॅलेंडरवरूनच उचललेली, तेव्हा श्लेष बसतो. पण वाचणारा त्याचा इंग्रजी ‘वॉर’ करील, नाहीतर नऊवारी आठवेल. 

त्यापेक्षा पंचांगातला ‘घातवार’ घ्या. प्रत्येक राशीला वर्ज्य सांगितलेला तो वार. त्यात घात आहे, वार आहे, आणि ‘आजचा दिवस बरा नाही’ ही धास्तीही आहे. सणावर बेतलेल्या स्लॅशरला ‘घातवारपट’ म्हणून पाहा. नाताळ ही तारीख आहे, वार नव्हे, असं कुणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण ‘घाततिथी’पुढे पट लावला की श्राद्धाचा वास येतो.

लेखात एरवी सरळ ‘स्लॅशरपट’ लिहा, कळतं सगळ्यांना. चित्रपटाचं नाव मात्र ‘काळा नाताळ’ करू नका. बर्फाने पांढऱ्या झालेल्या ‘व्हाइट ख्रिसमस’ला दिलेला तो उलटा टोला आहे. पणजीत किंवा वसईत नाताळला बर्फ पडत नाही, तेव्हा टोला लागणार कुठे?