चाळिशीनंतर मर्दानी खेळ शिकताना हात-पाय जुळत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय 45, दोन महिने लाठी शिकताय, आणि हात नीट फिरला की पाय चुकतो. माझंही असंच होतं. मी सेहेचाळिसाव्या वर्षी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीत काठी धरली. पहिल्या महिन्यात ती तीनदा माझ्याच घोट्यावर बसली आणि एकदा कानाखाली. शेजारी दहा वर्षांची पोरं गरागरा फिरवायची, म्हणून मीही हाताच्याच मागं लागलो होतो.

आमचे वस्ताद माझ्याहून वीस वर्षांनी लहान. एक दिवस म्हणाले, "काका, काठी ठेवा खाली. पंधरा दिवस नुसतं पाय."

मग गच्चीवर खडूनं चौकोन आखला. हात पाठीमागं, तोंडानं मोठ्यानं आकडे आणि फक्त पवित्रे, म्हणजे पावलं टाकायच्या ठरलेल्या पद्धती. शेजारच्या वहिनींशी पाण्याच्या वेळेबद्दल बोलताना पाऊल चुकेना, तेव्हा कळलं की पाय आता आपले आपण चालतायत. त्यानंतरच काठी घेतली, तीही निम्म्या वेगानं. वेग वाढवला की चूकच पक्की होते. मूठही आवळू नका. मूठ आवळली की खांदा आखडतो आणि पाऊल अडतं.

2024 मध्ये दांडपट्टा, म्हणजे लांब लवचिक पात्याची तलवार, महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, तेव्हापासून नव्या माणसाला आधी तोच हवा असतो. घाई करू नका, पण जाणत्याचा हात बघा जरूर. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात, हात कोपरापर्यंत जातो, मनगट वळतच नाही. सगळा फिरका खांदा, कंबर आणि पायातून येतो.

रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं करा. आणि झोप मोडू नका. शिकलेली हालचाल झोपेत मुरते. रात्री न जमलेला पवित्रा सकाळी सहज पडला, असं माझं कितीदा तरी झालंय. गिरकी घेताना चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, वयावर ढकलू नका.

डावा हात माझा अजून ठोंब्याच आहे. सध्या दात डाव्या हातानं घासतोय. निम्मी पेस्ट शर्टावर जाते, आणि शर्ट धुवायचा असल्यानं बायकोचं मत तुम्हाला सांगण्यासारखं नाही.