घोडा आणि विश्वस्त एकाच पानावर का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यूझीलंडला अ‍ॅशबर्टनमध्ये राहायला गेल्यावर तुम्ही तिथली १८८० नंतरची वर्तमानपत्रं वाचायला घेतलीत. सप्टेंबरच्या अंकांत पहिल्याच पानावर ‘यंदाच्या हंगामात उभा राहणार’ अशा वळू घोड्यांच्या जाहिराती दिसल्या, आणि त्यांना लागूनच मृत्युपत्रं आणि इस्टेटी सांभाळणाऱ्या ट्रस्टी कंपनीची जाहिरात. या दोघांचा काही संबंध आहे, की जागा मिळेल तिथे छापलं, असं तुम्ही विचारलंय.

छापणाऱ्याच्या मनात संबंध नव्हता. पैसे देईल त्याला जागा, एवढाच हिशेब. पण वाचणारा शेतकरी एकच होता आणि त्याची अडचणही एकच होती: भोवती भाऊबंद नाहीत. आपल्याकडे गावात वळू सोडलेला असतो, त्याची आई कोणाच्या गोठ्यातली हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि माणूस गेला तर जमीन कोण बघणार यावर भावकीत भांडणं होतील, पण बघणारं कोणीतरी असतंच. कँटरबरीत, म्हणजे तुमचं गाव ज्या प्रांतात आहे तिथे, १८५० साली वसाहत सुरू झाली. तीस वर्षांनी तिथल्या शेतकऱ्याचा काका यॉर्कशायरला, मेहुणा मेलबर्नला आणि शेजारी दोन वर्षांपूर्वी आलेला. चांगलं रक्त आणि भरवशाचा माणूस, दोन्ही त्याला फी देऊन मिळवावं लागे. मी इथे अनेक वर्षं शेतीच्या हिशेबांचं काम करतो आणि हे जुने अंक आवडीने वाचतो. माझ्या मते ही पानं समजायची असतील तर घोड्याच्या नावापेक्षा आणि कंपनीच्या नावापेक्षा खाली बारीक अक्षरात छापलेल्या अटी आधी वाचाव्यात.

घोड्याची जाहिरात घ्या. वर नाव, रंग, हँडमध्ये उंची (एक हँड म्हणजे चार इंच), मग बाप, आजा, आईचा बाप अशी वंशावळ. त्यानंतर क्रियापद नीट बघा. घोडा ‘उभा राहणार’ असेल तर तो बहुधा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीचा घोडा, असतो. तो आपल्या पागेत राहतो आणि घोड्या त्याच्याकडे आणाव्या लागतात. ‘फिरणार’ असेल तर बहुधा क्लाइड्सडेल, म्हणजे नांगराचा जड घोडा. त्याला घेऊन मोतद्दार ठरलेल्या मार्गाने निघतो. सोमवारी या हॉटेलच्या आवारात, मंगळवारी त्या फाट्यावर, शनिवारी बाजाराच्या गावी, असा आठवड्याचा फेरा छापलेला असतो. घोडीचा माज साधारण एकवीस दिवसांनी येतो. दर आठवड्याला तोच फेरा ठेवला की न फळलेली घोडी तिसऱ्या आठवड्याला पुन्हा दाखवता येई. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, कारण दक्षिण गोलार्धात वसंत तेव्हाच असतो आणि गाभणकाळ अकरा महिन्यांचा. शिंगरू पुढच्या वसंतात, गवत उगवलेलं असताना जन्मायला हवं.

मग पैसे. फी गिनीमध्ये, म्हणजे पौंडावर एक शिलिंग जास्त. मोतद्दाराचे काही शिलिंग वेगळे, आणि तुम्ही ज्या ‘ग्रूमेज’चा अर्थ विचारलात तो हाच आकार. घोडी कुरणात ठेवली तर आठवड्याचं भाडं निराळं. ‘काळजी घेतली जाईल, पण जबाबदारी घेतली जाणार नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत सापडेल. ज्या जाहिरातीत ‘शिंगराची हमी’ असते तिथे फी जास्त असते आणि ती बहुधा घोडी फळल्यावर किंवा शिंगरू झाल्यावर द्यायची असते. हातात रोकड नसलेला शेतकरी हमीवाल्या घोड्याकडे का जाई, हे यावरून लक्षात येईल.

थरोब्रेडचं काम केवळ शर्यतीपुरतं नव्हतं. साध्या घोडीवर थरोब्रेड घातला की चपळ, दमदार खोगिराचा घोडा मिळे; त्याला बग्गी, शिकार आणि फौज अशी तिन्ही गिऱ्हाइकं होती. ऑस्ट्रेलियात याच मिश्रणातून ‘वेलर’ तयार झाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या घोडदळासाठी बोटी भरून कलकत्ता, मद्रास, मुंबईला उतरले. न्यूझीलंडमधूनही पहिल्या महायुद्धात सुमारे दहा हजार घोडे परदेशी गेले.

आता मृत्यू आणि घोडा यांची खरी गाठ कुठे पडते ते सांगतो, हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडच्या शर्यतीच्या नियमांत १९२९ पर्यंत असं कलम होतं की घोड्याची नोंदणी करणारा मालक मेला, तर त्या घोड्याच्या मोठ्या शर्यतींसाठी आधी केलेल्या नोंदी रद्द. घोड्यांचे मालक प्रिन्स बाथ्यानी १८८३ साली न्यूमार्केटला शर्यतीच्या दिवशीच कोसळून गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या सेंट सायमन या घोड्याची ‘टू थाउजंड गिनीज’ या मोठ्या शर्यतीची नोंद त्यामुळे बाद झाली, आणि इस्टेटीच्या विक्रीत ड्यूक ऑफ पोर्टलंडने त्याला १,६०० गिनींना घेतलं. तो एकही शर्यत हरला नाही आणि पुढे नऊ वेळा इंग्लंडचा अव्वल वळू ठरला. मालकाच्या मरणाने घोड्याचा भाव पडतो आणि ज्याच्याकडे रोकड आहे त्याला लॉटरी लागते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

न्यूझीलंडचा सगळ्यात मोठा वळू मस्केट हाही असाच मृत्युपत्रातून गेलेला. लॉर्ड ग्लासगो १८६९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे घोडे जनरल पील आणि जॉर्ज पेन या मित्रांच्या नावे गेले, त्यात मस्केट होता. १८७८ मध्ये तो ऑकलंडला आला. त्याचा मुलगा कार्बाइन १८८५ चा. त्याने १८९० चा मेलबर्न कप पाठीवर सुमारे ६६ किलो वजन घेऊन, ३९ घोड्यांच्या गर्दीत जिंकला. १८९५ मध्ये ड्यूक ऑफ पोर्टलंडनेच त्याला १३,००० गिनींना इंग्लंडला नेलं, आणि सेंट सायमन होता त्याच, ड्यूकच्या वेलबेकच्या पागेत तो उभा राहिला.

एवढी किंमत असलेलं जनावर एखाद्या इस्टेटीत असेल आणि मालक गेला तर? वळूची कमाई वर्षातल्या तीन-चार महिन्यांची. तेवढ्यात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) गोंधळला, प्रोबेटला (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता मिळायला) उशीर झाला, तर हंगाम गेलाच. त्यात काळ कर्जाचा. १८७८ मध्ये स्कॉटलंडची सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, कर्ज मिळेनासं झालं आणि मंदी १८९० च्या दशकापर्यंत रेंगाळली. ज्या मित्राला एक्झिक्युटर नेमलं तोच दिवाळखोर झालेला, किंवा बायकोमुलांसह इंग्लंडला परतलेला, असं व्हायला वेळ लागत नसे. ट्रस्टी कंपन्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: खासगी विश्वस्त मरतो, बुडतो, देश सोडतो, कंपनी मरत नाही. कंपनीच्या नावाने प्रोबेट मिळावं म्हणून खास कायदे करून घ्यावे लागले. मेलबर्नला १८७८ मध्ये अशी कंपनी निघाली आणि १८८० च्या दशकात ड्युनेडिनमध्ये. न्यूझीलंड सरकारने तर त्याही आधी, १८७२ च्या कायद्याने पब्लिक ट्रस्ट ऑफिस काढलं. १८७३ पासून ते सुरू झालं. आपल्याकडे ऑफिशियल ट्रस्टीचा कायदा त्याआधीचा, १८६४ चा, पण खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी तो कधी नव्हताच. न्यूझीलंडमध्ये मात्र पन्नास एकरवाल्यालाही सरकार विश्वस्त म्हणून मिळत होतं.

विश्वस्तांनी एका जिल्ह्याचं रूप कसं बदललं ते बघायचं असेल तर अ‍ॅशबर्टनहून उत्तरेला शेव्हियटला एकदा जाऊन या. ‘रेडी मनी’ रॉबिन्सन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विल्यम रॉबिन्सनची तिथे जवळजवळ ८५,००० एकरांची जहागीर होती. तो १८८९ मध्ये वारला. त्यानंतर जमीन कराची आकारणी आली तेव्हा विश्वस्तांनी हरकत घेतली की सरकारने धरलेली किंमत फार जास्त आहे. कायदा असा होता की मालकाने सांगितलेली किंमत सरकारने मान्य करावी, नाहीतर त्या किमतीला जमीन विकत घ्यावी. जमीनमंत्री जॉन मॅकेन्झी यांनी १८९३ मध्ये ती सुमारे २ लाख ६० हजार पौंडांना घेतली आणि तुकडे पाडून कुटुंबांना दिली. मेंढ्या आणि मोजकी माणसं असलेल्या त्या जागेवर शेकडो माणसांचं गाव उभं राहिलं. त्या प्रत्येक तुकड्यावर नांगराचा घोडा लागणार होता, म्हणजे फिरत्या वळूला नवा फेरा मिळाला. तुमच्या पानावरचा संबंध मला इथे सगळ्यात ठळक दिसतो.

एक गोष्ट मात्र या जाहिराती वाचताना कायम ध्यानात ठेवा. ही सगळी जमीन आधी कोणाची होती? कँटरबरीचा बहुतेक भाग १८४८ मध्ये न्गाई ताहू या माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी) जमातीकडून केवळ २,००० पौंडांना घेतला गेला, आणि त्यांच्यासाठी राखून ठेवायचं वचन दिलेली जमीन पुरेशी राखलीच नाही. उत्तर बेटावरच्या तारानाकीत तर माओरींच्या राखीव जमिनी पब्लिक ट्रस्टीच्या, म्हणजे त्या सरकारी पब्लिक ट्रस्ट ऑफिसच्या प्रमुखाच्या, ताब्यात दिल्या. १८९२ च्या कायद्याने त्याने त्या गोऱ्या शेतकऱ्यांना एकवीस-एकवीस वर्षांच्या, कायम नूतनीकरणाच्या भाडेपट्ट्यावर दिल्या, आणि खंड किती ते ठरवण्यात मालकांना फारसा आवाज उरला नाही. मृत माणसाची इस्टेट विश्वासाने सांभाळणारं हेच कार्यालय जिवंत माणसांच्या जमिनीवर त्यांच्या इच्छेविरुद्ध विश्वस्त बनलं. हा अन्याय होता, आणि त्याचे परिणाम तिथली कुटुंबं अजून भोगत आहेत.

आता तुम्ही पुढे काय करावं. ज्या घोड्याची जाहिरात सापडली आहे त्याच्या मालकाचं नाव घ्या आणि पुढच्या दोन-तीन सप्टेंबरांत तोच घोडा कोणाच्या नावाने येतो ते पाहा. नाव बदललं असेल तर मधल्या महिन्यांत लिलावाची जाहिरात शोधा. तिथे ‘विश्वस्तांच्या आदेशावरून’ असे शब्द असतील, तर मालकाचं मृत्युपत्र आणि प्रोबेटची फाइल आर्काइव्ह्ज न्यूझीलंडकडे मिळण्याची चांगली शक्यता आहे. बऱ्याच फाइली ऑनलाइन आहेत. मृत्युपत्र वाचताना मालक १९०० च्या आधी वारला की नंतर ते बघा. त्या वर्षीच्या कायद्याने बायकोमुलांना काहीच न ठेवणाऱ्या मृत्युपत्रात हात घालण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. त्याआधी नवऱ्याने सगळं भावाला दिलं असेल, तर विधवेच्या हाती मृत्युपत्र बदलून घेण्याचा उपाय नव्हता. पानाचा फोटो टाकलात तर अटींमधले संक्षेप मी उलगडून देतो.